निजलेले पाणी, ओली काच

शांत पाणी, त्यावरून विरत जाणारे धुके आणि त्या पाण्यात डोके खाली करून उभा असलेला डोंगर, असे सूर्योदयाच्या वेळचे छायाचित्र आज दिनदर्शिकेच्या पानावर, शुभेच्छापत्रावर आणि सहल कंपन्यांच्या जाहिरातींत इतक्या वेळा भेटते, की ते निसर्गाने तयारच ठेवले होते आणि छायाचित्रकाराने केवळ उचलून आणले, असा समज सहज होतो. छायाचित्रणाच्या इतिहासात मात्र या चित्राचे तीन घटक एकत्र आलेले नाहीत. प्रतिबिंब सर्वांत आधी आले, कारण पहिल्या पिढीच्या कॅमेऱ्यांना ते पेलत होते; पहाट आली ती तिच्या सौंदर्यापेक्षा वाऱ्याच्या धास्तीने; आणि धुके तर कित्येक दशके दोष समजून चित्राबाहेर ठेवले गेले. हा क्रम जिथे सर्वांत स्पष्ट वाचता येतो ते ठिकाण म्हणजे अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या सिएरा नेवाडा पर्वतरांगेतले योसेमिटी खोरे आणि त्या खोऱ्याच्या पूर्व टोकाला असलेले ‘मिरर लेक’, म्हणजे आरसा-तळे.

हिमनद्यांनी कोरलेले हे खोरे सुमारे ११ किलोमीटर लांब असून त्याचा तळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांना ग्रॅनाइटचे सरळसोट कडे उभे आहेत. खोऱ्यातून मर्सेड नदी वाहते आणि तिला पूर्वेकडून तेनाया नावाचा ओढा येऊन मिळतो. या ओढ्याच्या अरुंद दरीत केव्हातरी कड्यावरून मोठी दरड कोसळली, तिने प्रवाहाला आडवा बांध घातला आणि त्या बांधामागे पाणी तुंबून हे तळे झाले. त्याच्या दक्षिणेला अर्धा घुमट कापल्यासारखा दिसणारा ‘हाफ डोम’ हा सुळका जवळजवळ डोक्यावर येतो, तर ईशान्येला, दरीच्या वरच्या अंगाला, दुसरा एक गोलसर माथ्याचा डोंगर थोडा दूर उभा आहे. मिरर लेकला सरोवर म्हणण्याची रीत पडली असली, तरी वाहत्या ओढ्याचाच तो एक रुंद, संथ झालेला भाग असल्यामुळे मराठीतला ‘डोह’ हा शब्द त्याला अधिक नेमका लागू पडतो, आणि त्याच्या पुढच्या नशिबाचे कारणही या फरकातच आहे.

या खोऱ्यात शतकानुशतके राहणारे लोक त्याला ‘अहवाहनी’ म्हणत आणि त्यावरून ते स्वतः ‘अहवाहनीची’ या नावाने ओळखले जात. ते ठरावीक काळाने खोऱ्यातले गवत आणि झुडपे पेटवत, त्यामुळे कुरणे मोकळी राहत आणि ओक वृक्षांना, ज्यांची फळे हे त्यांचे मुख्य अन्न होते, वाढायला जागा मिळत असे. पहिल्या गोऱ्या प्रवाशांना जे खोरे एखाद्या आखीव उद्यानासारखे भासले ते या जाळण्याचे, म्हणजे माणसाच्या हाताचे फळ होते. १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडल्यावर डोंगरपायथ्याशी खाणकामगारांची झुंबड उडाली, संघर्ष पेटला आणि १८५१ च्या मार्चमध्ये ‘मारिपोसा बटालियन’ नावाची सशस्त्र तुकडी या लोकांना हुसकावण्यासाठी खोऱ्यात शिरली. ज्यांच्याविरुद्ध ही मोहीम होती त्या प्रमुखाचे, तेनायाचे, नाव ओढ्याला मिळाले आणि डोहाला इंग्रजीत आरशाचे नाव मिळाले. त्याच्या मूळ नावाचा अर्थ जुन्या प्रवासपुस्तिकांनी ‘निजलेले पाणी’ असा नोंदवून ठेवला आहे. हे नाव आरशापेक्षा सरस मानावे लागते, कारण आरसा कायमचा आरसा असतो, तर हे पाणी दिवसाच्या काही थोड्या घटकाच निजते आणि पुढे ज्यांनी तिथे कॅमेरे मांडले त्यांची सगळी धडपड त्या झोपेच्या वेळेत काम उरकण्याची होती.

१८५५ मध्ये जेम्स मेसन हचिंग्ज हा प्रकाशक पहिल्या पर्यटकांची छोटी तुकडी घेऊन खोऱ्यात गेला आणि त्याने सोबत थॉमस एअर्स या चित्रकाराला नेले; १८५९ मध्ये त्याच हचिंग्जच्या पुढाकाराने चार्ल्स वीड याने खोऱ्याची पहिली छायाचित्रे घेतली. चाकाची वाट खोऱ्यात पोहोचायला १८७४ उजाडले, तोवर घोड्यावर किंवा खेचरावर बसून येण्यावाचून गत्यंतर नव्हते आणि पहिल्या दहा वर्षांत साडेसहाशेच्या आसपासच प्रवासी तिथे गेले. तरीही एवढ्या थोड्या लोकांमध्ये एक प्रघात लवकरच रुजला, तो म्हणजे अंधारात उठून मिरर लेक गाठायचे आणि सूर्य वर येताना पाण्यात पाहायचा. खोल दरीत सूर्य पंचांगात दिलेल्या वेळेपेक्षा बराच उशिरा, कड्याच्या धारेवरून उगवतो, त्यामुळे पाण्यावर सावली असतानाच समोरचे माथे उजळलेले असतात. शिवाय कड्याची सावली जसजशी मागे सरकते तसतसे किनाऱ्यावरून तिच्याबरोबर मागे चालत गेले, तर एकाच सकाळी सूर्योदय एकाहून अधिक वेळा पाहता येतो.

पहाटेच का, याचे कारण हवेच्या हालचालीत आहे. रात्री उतारांवरची हवा जमिनीबरोबर थंड होते, जड होऊन दरीत उतरते आणि पहाटेपर्यंत तळाशी साचून जवळजवळ स्थिर होते. ऊन कड्यांवर पडून खडक तापू लागले की ती वर चढू लागते, खालून वर वाहणारा दरीवारा सुरू होतो आणि पाण्यावर पहिली लहर उमटते. थंड हवा उबदार पाण्यावर विसावते तेव्हा पाण्याची वाफ पृष्ठभागालगतच सांद्रित होऊन तिचे सूक्ष्म थेंब होतात, तेच तळ्यावरचे धुके, आणि तेही त्याच स्थिर हवेचे लक्षण असल्यामुळे त्याच वाऱ्याबरोबर विरून जाते. म्हणजे आरसा आणि धुके ही एकाच पहाटेची दोन अपत्ये असली, तरी पहिल्या छायाचित्रकारांना त्यांतले एकच हवे होते.

त्या छायाचित्रकारांत कार्लटन वॉटकिन्स याचे नाव सर्वांत आधी घ्यावे लागते. १८२९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या वनिओन्टा गावी जन्मलेला हा तरुण १८५१ मध्ये, पुढे रेल्वेसम्राट म्हणून प्रसिद्ध झालेल्या कॉलिस हंटिंग्टनबरोबर, कॅलिफोर्नियात आला आणि दहा वर्षांनी, १८६१ च्या उन्हाळ्यात, खेचरांच्या पाठीवर सामान लादून योसेमिटीत उतरला. त्या सामानात त्याने खास बनवून घेतलेला एक अवाढव्य कॅमेरा होता, ज्यात १८ इंच रुंद आणि २२ इंच लांब काच बसत असे. छायाचित्र मोठे करण्याची सोय व्यवहारात नसल्यामुळे कागदावरचे चित्र काचेएवढेच येई, म्हणून मोठे चित्र हवे तर मोठी काच डोंगरात वाहून नेण्यावाचून इलाज नव्हता. त्या एका फेरीतून त्याने सुमारे ३० मोठ्या काचा आणि स्टिरिओस्कोपसाठीची सुमारे १०० जोडचित्रे परत आणली. स्टिरिओस्कोप म्हणजे दोन डोळ्यांसाठी किंचित वेगळ्या कोनांतून घेतलेली दोन चित्रे शेजारी ठेवून खोलीचा भास करून देणारे, त्या काळी घरोघरी दिसणारे उपकरण.

ही काच कशी तयार होत असे हे नीट समजून घेतल्यावाचून त्या चित्रांकडे पाहणे अपुरे आहे. फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज कारागिराने १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या पद्धतीला ‘ओल्या काचेची पद्धत’ म्हणतात. नायट्रिक आणि सल्फ्युरिक या आम्लांत भिजवून स्फोटक केलेला कापूस ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवला की मधासारखा दाट द्रव होतो, त्याला कोलोडियन म्हणतात, आणि त्यात आयोडिनचे क्षार मिसळलेले असत. छायाचित्रकार लख्ख घासलेली काच आडवी, तोलून धरी, तिच्या मध्यावर हा द्रव ओते, काच किंचित कलती करून तो एकेका कोपऱ्यापर्यंत नेई आणि शेवटच्या कोपऱ्यातून उरलेला थेंब न् थेंब बाटलीत परत घेई. या फिरवण्यात हात एकदा जरी थबकला, तर तिथे उमटलेली रेघ पुढे आकाशात किंवा पाण्यात कायमची दिसत राही. मग तंबूच्या अंधारात, पिवळ्या उजेडात, ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात बुडवली की थर दुधाळ होई आणि प्रकाशाला संवेदनशील बने. तिथून पुढे, काच ओली आहे तोवर, म्हणजे साधारण दहा-पंधरा मिनिटांत, तिला कॅमेऱ्यात घालणे, भिंगावरचे टोपण काढून मनात आकडे मोजणे, टोपण परत लावणे, तंबूत धावणे, चित्र उमटवणारे द्रावण ओतणे आणि भरपूर पाण्याने धुणे हे सारे व्हायला हवे. सिएराच्या कोरड्या उन्हात थर लवकर वाळे आणि वारा सुटला की चिकट काचेवर धूळ बसे, त्यामुळे थंड, निवांत सकाळ ही डोहाच्या पाण्याइतकीच काचेचीही गरज होती. तळ्याकाठी धुण्याचे पाणी हाताशी असे ही सोयही लहान नव्हती. इतकी मोठी काच धुवायला घागरभर पाण्याने भागत नाही.

या काचेची दृष्टी माणसाच्या दृष्टीहून अगदी निराळी होती. तिला निळा, जांभळा आणि त्यापलीकडचा अतिनील प्रकाश दिसे, हिरवा अंधुक दिसे आणि तांबडा-पिवळा जवळजवळ दिसतच नसे. म्हणून त्या काळच्या चित्रांत झाडे काळपट आणि आकाश कोऱ्या कागदासारखे पांढरे येते, कारण निळे आकाश काचेला इतके प्रखर भासे की डोंगर नीट उमटेपर्यंत आकाशाचा भाग पुरता भरून जाई. सूर्योदयाच्या छायाचित्राच्या इतिहासात ही गोष्ट मूळचीच आहे, पण तिच्याकडे क्वचितच लक्ष वेधले जाते: ज्या सोनेरी प्रकाशासाठी आज लोक पहाटे उठतात तो त्या पिढीच्या काचेला दिसत नव्हता. उगवतीच्या लालीत काच आंधळी असे, म्हणून छायाचित्रकाराला सूर्य पुरेसा वर येऊन प्रकाश पांढरा होण्याची वाट पाहावी लागे आणि दरीवारा सुटण्याच्या आत कामही संपवावे लागे. सूर्योदय पाहून पर्यटक माघारी फिरत त्यानंतरच काचेची वेळ सुरू होई.

धुक्याशी तर या काचेचे उघड वैर होते. दूरच्या हवेतून विखुरणारा प्रकाश निळसर असतो, धुक्यातून विखुरणाऱ्या पांढऱ्या प्रकाशातही निळा असतोच, आणि काचेला नेमका तोच जास्त दिसत असल्यामुळे डोळ्यांना जे विरळ वाटे ते चित्रात दाट पडद्यासारखे उतरे. त्यात टोपण काही सेकंद, कधी त्याहून बरेच जास्त वेळ उघडे ठेवावे लागत असल्याने धुक्याचे हलते पदर एकमेकांत मिसळून एक सपाट पांढरा डाग होई आणि डोंगराचा पायथा त्यात बुडे. याच दीर्घ काळाने पाण्याचे मात्र भले केले, कारण अगदी बारीक लहरी त्यात पुसल्या जात आणि पाणी होते त्यापेक्षाही स्थिर दिसे. आणखी एक बारीक गोष्ट काही चित्रांत पाहण्यासारखी आहे. पाण्यावरून परतणारा प्रकाश मूळ प्रकाशापेक्षा मंद असतो, त्यामुळे वरचे खरे आकाश कोरे पांढरे गेले, तरी पाण्यातल्या आकाशाला हलकी राखाडी छटा उरते. ज्या चित्रात वर काहीच नाही तिथे खाली काहीतरी शिल्लक राहते.

पाण्यातला डोंगर हा वरच्या डोंगराची तंतोतंत उलटी प्रत असतो हा समजही तपासून घ्यावा लागतो. पाण्याचा पृष्ठभाग डोंगर जणू पाण्याखाली असलेल्या डोळ्याने, म्हणजे कॅमेऱ्याच्या उंचीहून खालच्या जागेवरून पाहतो, त्यामुळे काठावरचा खडक किंवा झाड वर जेवढे डोंगर झाकते त्यापेक्षा पाण्यात जास्त झाकते. शिवाय पाणी किती प्रकाश परतवते हे नजर किती कलती आहे यावर ठरते. नजर पाण्याच्या सपाटीशी १० अंशांचा कोन करत असेल, तर पाणी शेकडा ३५ च्या आसपास प्रकाश परतवते, २० अंशांना हे प्रमाण शेकडा १३ च्या जवळ येते आणि ४५ अंशांना शेकडा ३ सुद्धा उरत नाही. मिरर लेकवरून हाफ डोम इतका जवळ आणि उंच आहे की त्याचा माथा पाण्यात पाहायचा तर अगदी पायाशी, खडी नजर टाकावी लागते, जिथे प्रतिबिंब क्षीण होऊन डोहाचा तळच दिसू लागतो. ईशान्येचा डोंगर दूर असल्यामुळे बराच बसका भासतो आणि म्हणून माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाण्यात मावतो. वॉटकिन्सने प्रसिद्ध सुळका सोडून या बिननावाच्या डोंगराची निवड केली ती या भूमितीमुळेच असावी; त्याच्या चित्रात किनाऱ्याची रेषा मध्यावर येते आणि डोंगर वर व खाली सारख्याच वजनाने उभा राहतो.

डोंगर फार काळ बिननावाचा राहिला नाही. १८६५ आणि १८६६ मध्ये वॉटकिन्सने जोसाया व्हिटनी याच्या नेतृत्वाखालील कॅलिफोर्निया भूगर्भ सर्वेक्षणाबरोबर पुन्हा योसेमिटीत काम केले, त्याची चित्रे १८६८ च्या ‘द योसेमिटी बुक’ या २५० प्रतींच्या ग्रंथात मूळ छायाचित्रे चिकटवून प्रसिद्ध झाली आणि तळ्यातले डोंगराचे प्रतिबिंब इतके लोकप्रिय झाले की त्या डोंगरालाच माउंट वॉटकिन्स हे नाव पडले. राजे, सेनापती आणि सर्वेक्षण अधिकारी यांची नावे शिखरांना देण्याची प्रथा सर्वत्र आढळते. एखाद्याने डोंगराचे पाण्यातले रूप टिपले म्हणून त्याचे नाव डोंगराला मिळावे, हे त्या मानाने फार विरळा आहे.

१८६१ च्या चित्रांचे प्रदर्शन न्यूयॉर्कच्या गूपिल कलादालनात १८६२ च्या डिसेंबरात भरले. अमेरिकेत तेव्हा यादवी युद्ध चालू होते, वर्तमानपत्रांत रोज मृतांच्या याद्या येत होत्या आणि त्याच महिन्यांत पूर्वेकडच्या शहरांतले लोक माणसाचा मागमूस नसलेल्या, निश्चल पाण्याच्या या चित्रांसमोर उभे राहत होते. लेखक आणि वैद्य ऑलिव्हर वेन्डेल होम्स याने १८६३ मध्ये त्यांची जाहीर प्रशंसा केली. १८६४ च्या मार्चमध्ये सिनेटर जॉन कॉनेस याने योसेमिटी खोरे सार्वजनिक उपयोगासाठी राखून ठेवण्याचे विधेयक मांडले आणि ३० जून १८६४ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंकनने त्यावर सही केली. लिंकनने ही चित्रे पाहूनच सही केली असे सर्रास लिहिले जाते, पण त्याला थेट पुरावा नाही. खोरे न पाहिलेल्या लोकांच्या मनात ते राखण्याजोगे आहे ही भावना या चित्रांनी रुजवली, एवढे मात्र निश्चित म्हणता येते. त्यात एक मोठी उणीवही होती आणि ती दडवण्याचे कारण नाही. निर्मनुष्य दिसणाऱ्या या खोऱ्यातली माणसे तेरा वर्षांपूर्वीच हाकलली गेली होती, आणि चित्रांनी त्या रिकामेपणालाच निसर्गाचे मूळ रूप ठरवले.

याच वर्षांत हिमालयात सॅम्युएल बोर्न हा इंग्रज छायाचित्रकार तीच ओल्या काचेची पद्धत घेऊन फिरत होता. नॉटिंगहॅममधली बँकेची नोकरी सोडून तो १८६३ मध्ये भारतात आला, सिमल्यात त्याने भागीदारीत व्यवसाय थाटला, ज्यातून पुढे ‘बोर्न अँड शेफर्ड’ ही संस्था उभी राहिली, आणि १८६६ च्या मोहिमेत साडेअठरा हजार फुटांवरच्या मणिरंग खिंडीत त्याने काचा टिपल्या. इंग्लंडमधल्या छायाचित्रणाच्या नियतकालिकात लिहिताना त्याने जी तक्रार केली ती या विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे: हे पर्वत भव्य आहेत, पण त्यांच्या पायाशी सरोवर नाही, आणि पाण्यावाचून चित्र बसत नाही. इंग्लंड-स्कॉटलंडच्या तळ्यांवर पोसलेली ही दृष्टी होती. १८६४ मध्ये काश्मीरला गेल्यावर त्याला हवे ते पाणी सापडले आणि श्रीनगरच्या पाण्यात उतरलेल्या चिनार-सफेद्यांच्या सावल्या त्याने मनापासून टिपल्या. डोंगर पाण्यात दिसलाच पाहिजे ही अपेक्षा युरोपीय निसर्गचित्राने घडवलेली होती आणि कॅमेरा ती जिथे गेला तिथे बरोबर घेऊन गेला.

कोऱ्या आकाशाचा प्रश्न वॉटकिन्सने शांतपणे स्वीकारला, तर त्याचा प्रतिस्पर्धी एडवर्ड मायब्रिज याने, जो पुढे धावत्या घोड्याच्या चित्रमालिकेमुळे जगप्रसिद्ध झाला, १८६९ मध्ये भिंगापुढचा आकाशाचा भाग झाकणारी एक झडप योजली आणि वेगळ्या काचेवरचे ढग छापताना जोडण्याची युक्तीही वापरली. १८७२ च्या त्याच्या मोठ्या काचांत ढग आणि धूसर हवा प्रथमच योसेमिटीच्या चित्रांत वजनदारपणे येतात. वॉटकिन्सला मात्र बाजाराने साथ दिली नाही. १८७५ मध्ये बँक ऑफ कॅलिफोर्निया कोसळल्यानंतरच्या मंदीत त्याचे सॅन फ्रान्सिस्कोतले दालन आणि त्यातल्या काचा सावकारांच्या हाती गेल्या आणि त्याच काचांवरून छापलेली चित्रे दुसऱ्या छायाचित्रकाराच्या नावाने विकली जाऊ लागली. त्याने पुन्हा डोंगर चढून नवी मालिका उभी केली. पण १८ एप्रिल १९०६ च्या भूकंपानंतर लागलेल्या आगीत त्याच्या कार्यशाळेतल्या उरलेल्या काचाही जळाल्या; तोवर त्याची दृष्टीही जवळजवळ गेली होती. १९१६ मध्ये नापा इथल्या मनोरुग्णालयात तो वारला आणि तिथल्याच आवारात, दगडही न लावता, त्याला पुरले.

दरम्यान काच बदलत होती. १८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्सने सुचवलेल्या जिलेटिनच्या कोरड्या काचांनी तंबू आणि बाटल्या अनावश्यक केल्या, १८७३ मध्ये हेर्मान फोगेलने रंगद्रव्ये मिसळून काचेला हिरवा-पिवळा प्रकाश दाखवला, आणि १९०६ मध्ये तांबड्यासह सर्व रंग जाणणाऱ्या काचा इंग्लंडमध्ये बाजारात आल्या. रुचीही बदलत होती. पीटर हेन्री इमर्सन याने १८८९ च्या पुस्तकात असे प्रतिपादन केले की डोळा सगळेच लख्ख पाहत नाही, म्हणून छायाचित्रानेही पाहू नये. इंग्लंडच्या पूर्वेकडील पाणथळ प्रदेशातली त्याची १८९५ ची चित्रे इतकी धुकट आहेत की त्यांत काही काटक्या आणि पाण्याची रेघ एवढेच उरते. एडवर्ड स्टायकेनने १९०४ मध्ये तळ्यावरच्या चंद्रोदयाचे जे चित्र केले त्यात धूसरपणा हाच विषय झाला. सर्वेक्षकाला ज्याने डोंगर झाकला जाण्याची भीती वाटे त्याच धुक्यात आता चित्राचे मोल शोधले जाऊ लागले.

जपानमध्ये हा प्रवास वेगळ्या वाटेने झाला, कारण तिथे धुके आणि उलटा डोंगर छायाचित्राच्या फार आधीपासून चित्रकलेत मुरलेले होते. होकुसाईच्या १८३० च्या दशकातल्या फुजीविषयक मालिकेत काई प्रांतातल्या मिसाका खिंडीखालच्या सरोवराचे एक चित्र आहे, ज्यात वरचा फुजी उन्हाळ्यातला, उघड्या खडकाचा आहे आणि पाण्यातला फुजी बर्फाच्छादित असून जागेवरून थोडा सरकलेलाही आहे. चित्रकाराला हे स्वातंत्र्य होते. छायाचित्रकार ओकादा कोयो याला ते नव्हते, म्हणून फुजीच्या चित्रणाला आयुष्य वाहिलेल्या या माणसाने मोतोसु सरोवराकाठी योग्य सकाळची वाट पाहिली आणि १९३५ मध्ये जे प्रतिबिंब टिपले ते १९८४ च्या पाच हजार येनच्या आणि २००४ च्या एक हजार येनच्या नोटेच्या मागच्या बाजूला छापले गेले. २०२४ च्या नव्या हजाराच्या नोटेवर त्याची जागा होकुसाईच्याच लाटेने घेतली.

योसेमिटीत वॉटकिन्सचा वारसा ज्याच्याकडे गेला तो अँसेल अ‍ॅडम्स १९०६ च्या त्याच भूकंपाच्या एका धक्क्यात, चार वर्षांचा असताना, पडून नाकाला कायमची दुखापत करून घेतलेला सॅन फ्रान्सिस्कोचा मुलगा होता आणि वॉटकिन्स वारला त्याच १९१६ साली तो हातात पेटीवजा ब्राउनी कॅमेरा घेऊन या खोऱ्यात प्रथम आला. १९३० च्या दशकात त्यानेही मिरर लेकमधल्या माउंट वॉटकिन्सचे चित्र केले. १९२७ मध्ये हाफ डोम टिपताना त्याने गडद लाल गाळणी लावून आकाश काळे केले होते, म्हणजे ज्या आकाशावर पहिल्या पिढीचा काही इलाज चालत नव्हता ते आता छायाचित्रकाराच्या इच्छेनुसार कोणतीही छटा घेऊ शकत होते. पांढरे आकाश, काळे आकाश आणि धुके यांपैकी काय घ्यायचे हा प्रश्न तिथून पुढे तंत्राचा राहिला नाही.

तळ्याचा प्रश्न मात्र तसाच होता. तेनाया ओढा दरवर्षी वितळत्या बर्फाबरोबर वाळू आणि गोटे घेऊन येतो, डोहात वेग मंदावला की ते तळाशी बसतात आणि डोह उथळ होत जातो. दरडीच्या बांधामागे साचलेल्या प्रत्येक पाण्याचे भवितव्य असेच असते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत काठावर प्रवाशांसाठी विसाव्याची सोय होती, हिवाळ्यात इथला बर्फ कापून खोऱ्यातल्या हॉटेलांसाठी साठवला जाई, आणि आरसा टिकावा म्हणून नैसर्गिक बांधावर दगड रचून पाण्याची पातळी वाढवली गेली. विसाव्या शतकात दरवर्षी डोहातली वाळू उपसून रस्त्यांवर टाकण्यासाठी नेली जात असे, त्यामुळे पाणी खोल राही आणि चित्र जमे. ज्या प्रतिबिंबाला लोक अस्पर्श निसर्गाची खूण मानत होते ते दीर्घकाळ फावड्याच्या बळावर उभे होते.

१९७१ मध्ये हा उपसा थांबवण्यात आला आणि ओढ्याला त्याच्या मर्जीवर सोडण्यात आले. खोरे पुढे ज्या राष्ट्रीय उद्यानाचा भाग झाले आणि ज्याचा जन्म अंशतः अशा चित्रांतून झाला त्याने चित्राऐवजी ओढ्याची बाजू घ्यावी, हा निर्णय धाडसाचा आणि योग्यच होता, कारण १८६४ मध्ये राखायचे ठरले होते ते खोरे होते, त्याचे एक दृश्य नव्हे. तेव्हापासून डोह आक्रसत आहे. वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला बर्फाचे पाणी आले की काही आठवडे तो भरतो, पहाटे तिपाया मांडून माणसे वारा सुटण्याच्या आत कामाला लागतात आणि ईशान्येचा डोंगर अजून पाण्यात उतरतो. उन्हाळा सरता सरता मात्र तिथे पांढरी वाळू, गवताचे पट्टे आणि मधून वाहणारी पाण्याची बारीक धार राहते, आणि त्या वाळूवर माउंट वॉटकिन्स एकटाच, सरळ उभा दिसतो.